दुभाष्यानं उलटं सांगितलं

फार पूर्वी, गलबतं वाऱ्यावर चालायची आणि अर्ध्या जगाला उरलेलं अर्धं जग ठाऊकच नव्हतं, त्या काळात युरोपातल्या एका देशात एक धाकटा भाऊ राहत होता. त्या देशाची रीतच अशी, की बाप गेला की सगळी जमीन थोरल्याची. धाकट्याच्या वाट्याला काय? तर बापाची टोपी. डोकं झाकायला टोपी होती, पण पाय टेकायला वीतभर जागा नव्हती.

थोरल्याची बायको तर रोज ऐकवायची. "भावोजी, आमच्या विहिरीचं पाणी प्यायलात वाटतं? आमच्या झाडाच्या सावलीत बसलात वाटतं?"

ऐकून ऐकून धाकट्याचे कान किटले. एक दिवस तो तडक राजाकडं गेला. म्हणाला, "महाराज, मला गलबत द्या. समुद्रापलीकडं मोठी जमीन आहे म्हणतात. ती तुमच्यासाठी घेतो, त्यातली थोडी मला राहू द्या."

राजाचं काय जात होतं? जी जमीन त्याच्या बापानंही पाहिली नव्हती, ती त्यानं बसल्या जागी वाटून टाकली. "घे, घे, हवी तेवढी घे," म्हणाला. गलबत दिलं, खलाशी दिले, बंदुका दिल्या. आणि धाकटा भाऊ कप्तान झाला.

गलबतावर एक दुभाषी होता. मागं एकदा त्याचं गलबत त्या पलीकडच्या किनाऱ्याला आपटून फुटलं होतं. तिथल्या माणसांनी त्याला पाण्यातून ओढून काढलं, खाऊ-पिऊ घातलं, वाढवलं म्हणा ना. त्यामुळं त्याला तिकडची बोली येत होती. येत होती म्हणजे काय, जेवण मागण्यापुरती झकास आणि बाकीची जेमतेम.

वारा खात, लाटा खात, कप्तान एकदाचा त्या किनाऱ्याला लागला. आज आपण त्या मुलखाला अमेरिका म्हणतो. हे नाव चालेल का, असं तिथल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. असो.

किनाऱ्यावर बायका मासे साफ करत बसल्या होत्या. त्यांच्यात गावाची कारभारीण होती. गावाचा सगळा कारभार तिच्याच हातात. पेरणी कधी, कापणी कधी, कुणाचं भांडण कसं मिटवायचं, हे सगळं तीच बघायची. गलबत बघून ती उठली, हात धुतले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

कप्तान होडीतून उतरला. तलवार उपसली. छाती फुगवली आणि ओरडला, "ऐका हो ऐका! आजपासून ही जमीन माझी!"

घाईत राजाचं नाव घ्यायचंसुद्धा विसरला बघा.

सगळे दुभाष्याकडं बघायला लागले. दुभाषी डोकं खाजवत उभा. घोळ असा होता, की त्या बोलीत 'माझी काठी' म्हणता यायचं, 'माझी होडी' म्हणता यायचं. पण आई, नदी, डोंगर आणि जमीन यांना 'माझं' म्हणायची सोयच नव्हती. 'मी आईचा', 'मी नदीचा' असंच म्हणायचे. मग दुभाष्यानं जे शब्द हाताशी होते तेच जुळवले.

"हा म्हणतोय, आजपासून मी या जमिनीचा."

मग जो काही आरडाओरडा झाला! बायकांनी हातातले मासे टाकले आणि टाळ्या पिटल्या.

"अगं बाई! एवढा समुद्र ओलांडून आला आणि पाय टेकल्या टेकल्या जमिनीचा झाला!"

"नाहीतर आमचा जावई! सांगून सांगून तोंड दुखलं, अजून शेतात पाय टाकत नाही!"

कारभारीण पुढं आली. तिनं ओल्या मातीचा टिळा कप्तानाच्या कपाळावर लावला. जो गावासमोर 'मी जमिनीचा' म्हणेल, त्याला असा टिळा लावायचा आणि त्या दिवसापासून त्याला जेवायला घालायचं, अशी गावाची रीत होती. कप्तानाला वाटलं, राज्याभिषेकच झाला.

त्या दिवशी मोठं जेवण झालं. मक्याच्या भाकरी, घेवड्याची उसळ, निखाऱ्यावर भाजलेला गोड भोपळा आणि मासे. खलाशी महिनोन्‌महिने कीड लागलेली बिस्किटं चावत होते, त्यांना तर रडूच फुटलं.

कप्तान दुभाष्याला म्हणाला, "बघितलंस? नुसत्या आवाजावर राज्य मिळवलं!"

दुभाष्याच्या तोंडात भोपळा होता. तो म्हणाला, "हो साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारणीनं कप्तानाच्या हातात एक काठी दिली. खालून टोकदार, वरून हात लागून लागून गुळगुळीत झालेली. जमिनीला भोक पाडून त्यात मक्याचं बी टाकायची ती काठी. कप्तानाला वाटलं राजदंड! तो काठी उभी धरून एका दगडावर जाऊन बसला.

गावकरी बघतायत. हा काही उठेना.

"काय गं, हा बसून का राहिलाय?"

"लाजत असेल. नवा आहे ना."

"लाजू दे की. पण लाजेनं पेरणी होते का?"

रोज सकाळी कप्तान दगडावर बसायचा, रोज गाव त्याला आणि त्याच्या माणसांना जेवायला घालायचं. पण गलबतभर तोंडं! खायचा मका भराभर संपत चालला. गलबतावरची बिस्किटं तर कधीच सडली होती. ढग जमायला लागले तशी एके दिवशी भाकरी अर्धी झाली. मग पाव झाली. मग कारभारणीनं मोकळे हात दाखवले.

"खायचं संपलं. आता नवं पीक हाती येईपर्यंत कंदमुळं आणि मासे. आम्हीही तेच खातोय."

कप्तान भडकला. गावाच्या मधोमध दोन मोठ्या कणग्या होत्या, काठोकाठ भरलेल्या, वरून मातीनं लिंपलेल्या. "त्या भरलेल्या आहेत आणि मला म्हणतात संपलं? माझ्या राज्यात मी उपाशी राहू? बंदुका घ्या रे! फोडा त्या कणग्या!"

खलाशी बंदुका घेऊन आले. बघतात तर कारभारीण कणगीला पाठ लावून बसलेली. उठायचं नावच नाही.

"अरे, हे बी आहे बी!" ती ओरडली. दुभाषी तिचं बोलणं सांगत गेला. "यातलं मूठभर खाल्लं तर पुढं एक शेत जातं. जमिनीचं माणूस पोटाला दगड बांधतं, पण बियाला हात लावत नाही. आणि तू गावासमोर म्हणालास ना, की मी जमिनीचा?"

कप्तान म्हणाला, "मी? मी कधी म्हणालो? मी म्हणालो, जमीन माझी!"

दुभाषी हळूच म्हणाला, "साहेब, ते जरा... उलटं झालं."

"काय उलटं झालं?"

"त्यांच्या बोलीत जमीन कुणाची होतच नाही हो! माणूसच जमिनीचा होतो. मी तरी काय करणार? होते ते शब्द वापरले."

"म्हणजे तो टिळा? ती काठी?"

"काठी पेरायची आहे साहेब. तुम्ही ती धरून उगाच दगडावर बसला होतात."

मागं एक खलाशी फिसकन हसला. मग दुसरा. कप्तानाचं तोंड लालबुंद झालं. तलवारीवरची मूठ घट्ट झाली.

आता इथं नीट ऐका. त्या काळात बाकीच्या किनाऱ्यांवर अशा वेळी काय झालं ते लपवण्यात अर्थ नाही. बंदुका उडाल्या, कणग्या रिकाम्या झाल्या, गावंच्या गावं ओस पडली. ते करणाऱ्यांना कुणी शूर म्हणत असेल तर म्हणो. दुसऱ्याचं बियाणं खाणारा कसला आलाय शूर! तो उपाशी चोर. कप्तानाच्या हातातही तेच होतं. त्यानं नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

कारभारीण त्याच्याकडं बघत राहिली.

"मार की," ती म्हणाली. "बंदूक तुझ्याकडंच आहे. मला मार, बी खा, ढेकर दे. मग पाऊस आला की पेरणार कोण? तुझा राजा येणार आहे का वाकायला?"

तेवढ्यात गलबताचा आचारी पुढं आला. दांडगा, तोंडाळ माणूस. त्यानं बंदूक कणगीला टेकवून ठेवली आणि बाह्या वर केल्या.

"साहेब, मी शेतकऱ्याचा पोरगा. माझा बाप बियाण्याच्या पोत्यावर झोपायचा. आम्ही घरात रडायचो भुकेनं, पण पोतं सोडायचा नाही. आता या बाईच्या अंगावर बंदूक धरली तर मेल्यावर बापाला तोंड कसं दाखवू? मी पेरायला चाललो. तुम्हाला काय करायचं ते करा."

एकामागून एक बंदुका खाली ठेवल्या गेल्या. बहुतेक सगळे शेतकऱ्यांचीच पोरं. समुद्रावर आले होते ते हौसेनं थोडेच! त्यांच्याही घरी थोरले भाऊ होते.

कप्तान एकटा उरला. पण त्याच्या पट्ट्यात पिस्तूल होतं आणि कारभारीण हाताच्या अंतरावर होती.

"मला फक्त एक जमीन हवी होती," तो म्हणाला. आवाज अगदीच बारीक झाला होता. "जिथून मला कुणी ऊठ म्हणणार नाही."

दुभाष्यानं हे मात्र बरोबर सांगितलं.

कारभारीण हसली. मोठ्यानं हसली, हसता हसता डोळे पुसले. "अरे वेड्या, मग एवढे दिवस आम्ही काय करतोय? तुला ऊठ म्हणालो का? आम्ही फक्त वाक म्हणतोय!"

कप्तानानं पिस्तूल काढलं आणि आचाऱ्याच्या बंदुकीशेजारी ठेवलं. मग विचारलं, "कसं पेरायचं ते दाखव."

पहिल्या दिवशी त्याची पेरणी बघून बायका पोट धरून हसल्या. इतकी खोल भोकं, की बी थेट मायदेशी निघेल! "अरे बाबा, बी पुरतोयस की खजिना?" दुसऱ्या दिवशी कंबर मोडली. तिसऱ्या दिवशी आचारी त्याच्यावर खेकसला, "साहेब, रांग सरळ ठेवा!" आणि साहेबानं रांग सरळ केली.

पाऊस वेळेवर आला. मक्याचे कोंब वर आले. मक्याच्या आधारानं घेवडा चढला, बुडाशी भोपळ्याचे वेल पसरले. कप्तान रोज उठून आधी आपल्या कोंबांकडं जायचा आणि मग तोंड धुवायचा. त्याची बोली अजून तोतरीच होती, पण पोरंटोरं हसली की तोही हसायचा. पीक इतकं आलं, की नवी कणगी विणावी लागली.

मग गलबत डागडुजी करून तयार झालं. ज्यांना घरी जायचं होतं, त्यांना गावानं वाटेपुरता मका दिला. खलाशी ओरडले, "साहेब, वारा चांगला आहे, चला!"

कप्तान म्हणाला, "थांबा रे, भोपळे उतरवायचेत."

वारा पडला. पुन्हा वारा आला. "साहेब, चला!"

"आलोच. कणसं वाळत घातलीत, पावसाचं चिन्ह दिसतंय."

तोही वारा गेला. शेवटी खलाशी कंटाळले. एका सकाळी त्यांनी शिडं सोडली आणि गलबत हललं. कारभारीण धापा टाकत शेतात आली. "अरे ए, तुझं गलबत निघालं! पळ!"

कप्तान हातात गोफण घेऊन वाळवणापाशी उभा होता. डोक्यावर पोपटांचा थवा घिरट्या घालत होता. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

"जाऊ दे गं बाई! आधी या चोरट्यांना हाकलू दे, सगळी कणसं खातील!"

कारभारणीनं जमिनीवरून एक ढेकूळ उचललं आणि तीही ओरडत पोपटांच्या मागं धावली.

तात्पर्य: जमिनीवर नाव टाकायला तलवार पुरते, पण जमीन ठेवून घेते ती तिच्यासाठी कंबर वाकवणाऱ्यालाच.