तिसऱ्या रांगेची पट्टी

एकदा एका संगीतशिक्षकाला आपल्या वृद्ध गुरूंचा इतका संताप आला, की भर सभागृहात, शे-दीडशे विद्यार्थ्यांसमोर, त्यांच्या कानांतला कापूस ओढून काढायचेच त्याने बाकी ठेवले. शिष्याने गुरूंवर रागावणे शास्त्रात बसत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण आधी प्रसंग ऐका आणि मग त्या बिचाऱ्याला दोष द्या.

त्या शहरात एक भव्य सभागृह होते. मोठमोठे गवई तिथे गाऊन गेलेले. तिथल्या रंगमंचावर उभे राहायला मिळावे म्हणून कलावंत वर्षानुवर्षे वाट पाहत. वर्षातून एक दिवस मात्र ते शालेय विद्यार्थ्यांसाठी खुले होई. जिल्हाभरातल्या शाळांची गायनपथके आणि बँडपथके येत आणि सर्वोत्तम पथकाला ढाल मिळे. कल्पना उदात्त होती. पण आपल्याकडे उदात्त कल्पनेवर समिती बसली की तिचे काय होते, ते तुम्ही जाणताच. निम्मा रंगमंच पुष्पगुच्छांच्या टेबलाने अडवलेला, प्रमुख पाहुणे सकाळपासून 'निघालेत, निघालेत', सूत्रसंचालकाला स्वतःच्याच आवाजाचा मोह, आणि पालक मोबाइल उंच धरून उभे, म्हणजे मागच्यांना मुले दिसत नाहीत आणि पुढच्यांचे गाण्याकडे लक्ष नाही. ह्या सगळ्यावर कडी करणारा एक नियम होता. गायनपथकात किमान चाळीस विद्यार्थी हवेत! एकही कमी असला तर प्रवेश नाही. नियम करणाऱ्यांपैकी एकाने जरी चाळीस मुलांना एका वेळी 'सा' लावायला सांगून पाहिले असते, तरी त्याने तो नियम स्वतःच्या हाताने खोडला असता.

आपल्या शिक्षकाच्या शाळेत त्या वर्षी संगीताच्या तासावर गदा आली होती. दहावीचा निकाल घसरला होता, आणि आठवड्यातला संगीताचा एकुलता एक तास गणिताला द्यावा असे संस्थेच्या मंडळींनी घाटले होते. जणू काही मुले गणितात नापास होत होती ती गाऊन गाऊन! मुख्याध्यापक तसे सज्जन होते. त्यांनी शिक्षकाला बोलावून सांगितले, "अहो सर, मला तोंड दाखवायला काहीतरी द्या. ढाल आणलीत तर मी मंडळींशी भांडेन. नाही आणलीत तर माझाही नाइलाज आहे."

म्हणजे ढाल मिळाली तर तास राहणार, नाही मिळाली तर जाणार. शिक्षकाची झोप उडाली. त्याने शाळा पालथी घातली, तेव्हा सुरात गाणारी पंचवीस-सव्वीस मुले हाती लागली. त्यांत शाल्मली नावाची एक मुलगी होती. तिचा गळा असा, की वरचा सूर लागला की वर्गाबाहेरून जाणारा शिपाईही थबके. शिक्षकाने सगळे गाणे तिच्याभोवती बांधले. गाण्याचा मूळ 'सा' हार्मोनियमच्या ज्या स्वरावर धरायचा, त्याला पट्टी म्हणतात. शाल्मलीला काळी चार ही उंच पट्टी मानवे, म्हणून गाणे काळी चारमध्ये बसले. पण चाळीस कुठून आणायचे? मग झाली खोगीरभरती. आवाज फुटू लागलेली मुले, जाड आवाजाच्या मुली, हाताला लागेल त्याला तिसऱ्या रांगेत उभे केले. पहिल्याच दिवशी ती मुले काळी चारमध्ये गाऊ लागली आणि शिक्षकाने कपाळावर हात मारला.

"थांबा, थांबा! तिसरी रांग, तुम्ही आवाज काढू नका. फक्त ओठ हलवा. चेहरे मात्र प्रसन्न ठेवा."

तुम्ही हसाल, पण ही सूचना आपल्या शाळांतून पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ती ऐकलेला एक तरी माणूस प्रत्येक घरात सापडतो आणि तो नंतर आयुष्यभर सांगत असतो की मला गाण्यातले काही कळत नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सभागृहात रंगीत तालीम होती. शिक्षकाने मोठ्या भक्तिभावाने आपल्या गुरुजींना बोलावले. गुरुजी ऐंशीच्या घरातले, गाण्यात मुरलेले, बोलायला तिखट. ते पहिल्या रांगेत येऊन बसले. आधी एका शाळेचे बँडपथक झाले. ढोल, बिगूल, झांजा, सगळे एकदम सुरू झाले तेव्हा सभागृहाची दारे थरथरली. गुरुजी मान डोलावत ऐकत होते. मग दुसरे बँडपथक झाले, तेही त्यांनी निवांत ऐकले. त्यानंतर शिष्याचे गायनपथक रंगमंचावर आले. शाल्मलीने श्वास घेतला, आणि गुरुजींनी झब्ब्याच्या खिशातून कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले, ते दोन्ही कानांत नीट बसवले, आणि मग मुलांकडे टक लावून बघत बसले.

गाणे संपेपर्यंत त्यांनी कापूस काढला नाही.

आता सांगा, कोणाच्याही अंगाचा तिळपापड होईल की नाही? बँड ऐकायचा आणि गाणे आले की कान बंद! शिक्षक रंगमंचाच्या पायऱ्या दोन-दोन उतरत खाली आला. भोवती मुले होती, इतर शाळांचे शिक्षक होते, पण त्याला भान राहिले नाही.

"गुरुजी, गाणं आवडलं नाही तर तसं सांगा. माझे कान धरा. पण सगळ्यांदेखत असा अपमान? ह्या गाण्यापायी मी जूनपासून रक्त आटवतोय! आज ढाल नाही मिळाली तर उद्या शाळेत संगीताचा तास राहणार नाही. तुम्हाला ह्याचं काहीच नाही?"

गुरुजींनी सावकाश कापूस काढला. "काय म्हणालास? मला ऐकू आलं नाही."

शिक्षकाने दात-ओठ खात सगळे पुन्हा सांगितले. एव्हाना पुढच्या बँडपथकाने झांजा जुळवायला घेतल्या होत्या, त्यामुळे त्याला ते ओरडून सांगावे लागले आणि सगळ्यांनीच ऐकले.

गुरुजी म्हणाले, "अरे, ती पहिली मुलगी दाराशी गुणगुणत होती, तेव्हाच ती गोड गाते हे मला कळलं होतं. कान उघडे ठेवले असते तर मी तिच्यामागेच गेलो असतो, तुझ्यासारखा. म्हणून कान बंद केले आणि नुसतं पाहिलं. जो गातो त्याला श्वास घ्यावा लागतो. त्याची छाती फुलते, पोट हलतं. पुढच्या दोन रांगांत ते दिसत होतं. तिसऱ्या रांगेत ओठ हलत होते, पण छाती एकाचीही फुलत नव्हती. आता तू मला सांग, ती मुलं कोण आहेत?"

"गुरुजी, चाळिसांचा नियम आहे. त्यांचा आवाज ह्या पट्टीत लागत नाही."

"मग पट्टी कोणाची धरलीस?"

शिक्षकाची नजर शाल्मलीकडे गेली. झांजा वाजतच होत्या.

"एकटी गाणार असती तर खुशाल तिची पट्टी धर. चाळीस जणांना उभं केलंस तर चाळीस जणांना पोचेल अशी पट्टी शोधायला हवी होतीस. ते कष्टाचं काम, म्हणून तू त्यांची तोंडं मिटलीस. आणि वर त्या गणितवाल्यांवर चिडतोस! ते तास काढून घेणार आहेत उद्या. ह्या मुलांचा तास तू जूनमध्येच काढून घेतलास. तू वाचवायला निघालायस ते नक्की काय, बाबा?"

एवढे बोलून गुरुजी चहा कुठे मिळतो ते शोधायला निघून गेले. गुरूंची ही सवय फार त्रासदायक असते. आग लावायची आणि चहाला जायचे.

स्पर्धा दुपारी होती. शिक्षक काही वेळ पुष्पगुच्छांच्या टेबलापाशी नुसता उभा राहिला. गुरुजींचे म्हणणे खोटे आहे हे सिद्ध करणारे एखादे वाक्य तो मनात जुळवत होता. ते जुळेना. शेवटी तो पथकाला घेऊन सभागृहामागच्या वाहनतळावर गेला, कारण आतली प्रत्येक खोली कुठल्या ना कुठल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली होती.

"गाणं काळी दोनमध्ये घेऊ," तो म्हणाला. "आणि तिसरी रांग, आता तुम्हीही गा."

तिसरी रांग जागची हलली नाही. त्या रांगेत प्रणोती नावाची एक जाड आवाजाची मुलगी होती. तिने विचारले, "खरंच आवाज काढायचा, सर?"

"हो."

"नंतर ओरडणार नाही ना?"

शिक्षकाला त्या प्रश्नाने मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेवढ्यात शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आले. "सर, इतकं खाली घेतलं तर माझा वरचा सूर चमकणारच नाही. सगळे त्या सुराचीच वाट बघतायत. माझे बाबा रजा घेऊन आलेत."

तिचे काही चुकले नव्हते. तिनेही सहा महिने घसा झिजवला होता. शिक्षक म्हणाला, "शाल्मली, तुझ्यावर अन्याय होतोय, मला कळतंय. गाणं सुरू तूच करशील. पण आज मला सगळ्यांचं गाणं ऐकायचंय." ती तोंड फुगवून उभी राहिली. तिची समजूत पटली नाही. पण गायली.

दुपारी गाणे फार सुंदर झाले असे मी म्हणणार नाही. दोन मुलांचे आवाज मधेच फाटले. प्रणोती एका ठिकाणी सर्वांच्या आधी सुरू झाली, जीभ चावून थांबली आणि पुन्हा मिसळली. शाल्मलीचा वरचा सूर लागला, पण कोणी 'वाहवा' म्हटले नाही, इतका तो सगळ्यांत मिळून गेला. मात्र शेवटच्या ओळीला चाळीसच्या चाळीस छात्या एकदम फुलल्या आणि त्या उंच छताखाली असा एक भरदार, खडबडीत आवाज उठला, की सूत्रसंचालकही दोन क्षण बोलायचा थांबला. दिवसभरात हे तेवढे एकदाच घडले.

ढाल मिळाली नाही. परीक्षकांनी 'सुबकता कमी' असा शेरा दिला. ढाल ज्या शाळेला मिळाली तिचे पथक अतिशय सुबक गायले, आणि त्या पथकाची तिसरी रांग अतिशय प्रसन्न चेहऱ्याने ओठ हलवत होती. शिक्षकाने गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी हात जोडले आणि रिक्षा बोलावली. मुख्याध्यापक परतीच्या बसमध्ये एकच वाक्य बोलले, "सर, सकाळी तालमीत इतकं छान होत होतं, मग ते बदलायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

सोमवारी वेळापत्रक बदलले. संगीताच्या जागी गणित आले. मंडळींनी दिलेला शब्द असला असेल, तर तो मोठ्या तत्परतेने पाळला जातो.

शिक्षक मधल्या सुट्टीत संगीताच्या खोलीत गेला. हार्मोनियम कापडात गुंडाळून कपाटात ठेवायची आणि उरलेली वर्षे कार्यानुभव शिकवायचा, एवढेच आता बाकी होते. गुरुजींवरचा राग पुन्हा वर आला होता. तत्त्व त्यांचे, तास माझा गेला, असे तो स्वतःशी म्हणत होता. तेवढ्यात दारात प्रणोती आली. तिच्यामागे ती सगळी रांग, हातांत डबे.

"सर, ते कालचं गाणं एकदा म्हणू या?"

"ते काल नव्हे, शनिवारी झालं," शिक्षक तुसडेपणाने म्हणाला. "आणि डबे कोण खाणार?"

"खाता खाता म्हणू."

आणि ती मुले खरोखरच खाता खाता गाऊ लागली. एकाच्या तोंडात पोहे, एकाचा सूर भलतीकडे, ताल तर कोणालाच सापडेना. शिक्षक वैतागून ओरडला, "अरे, तोंडातला घास तरी गिळा आधी!" कोणी ऐकले नाही. तेव्हा निदान सूर तरी धरून द्यावा म्हणून त्याने हार्मोनियमवरचे कापड काढले. दोन-चार दिवसांनी शाल्मलीही आली. ती अजून रागावलेली होती, पण आली, आणि मुकाट्याने प्रणोतीच्या शेजारी बसली.

त्या दिवशी आवाज इतका वाढला, की मुख्याध्यापक आपल्या खोलीतून उठून आले. दारात उभे राहून त्यांनी विचारले, "हे काय चाललंय? संगीताचा तास बंद केलाय ना आपण?"

शिक्षक उठून उभा राहिला. प्रणोती घास गिळून म्हणाली, "तास बंदच आहे, सर. आम्ही नुसतं गातोय."

मुख्याध्यापक परत गेले, आणि जाताना दार उघडेच ठेवून गेले. शिक्षक खाली बसला. आपण वाचवायला निघालो होतो ते काय, हे त्याला आता कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. त्याने काळी दोनचा सूर पुन्हा धरला.