काहीच फेकत नाही

“आन् सालीचं काय करतं तू?”

किटलीबाबांनी विचारलं आणि अंकुश धांडे खुलला. याच प्रश्नाची तो केव्हाचा वाट पाहत होता.

चिखलदऱ्याच्या टेकडीवर बाबांची झोपडी. खरं नाव कोणालाच ठाऊक नाही. धुनीवर किटली कायम चढवलेली, म्हणून किटलीबाबा. कॉफीची लाल फळं सोलून बिया वेगळ्या करणारं यंत्र अंकुशने एका मित्राच्या जोडीने बनवलं होतं. उद्या सगळे मळेवाले ते बघायला येणार होते. नारळ मात्र बाबांनीच फोडावा, असा त्याचा हट्ट होता.

“साल वाळवली का तिचा चहा होते, बाबा. तुमच्यासाठी आणली ना.” त्याने पुडी पुढे केली.

बाबांनी पुडी सोडून चिमूटभर साल किटलीत टाकली.

“आन् चोथा?”

“त्याचं खत.”

“बीवरचं फोलपट?”

“दाबून कांड्या करतो. चुलीत लाकडावानी जळतेत.”

“धुतलेलं पाणी?”

“ते भी सोडत नाई. गाळून पुन्हा धुवाले घेतो.” अंकुशची छाती फुगली. “आपल्या इथं काहीच फेकल्या जात नाई, बाबा. काहीच!”

बाबा मनापासून खूश झाले. मांडीवर थाप मारून म्हणाले, “वा रे पठ्ठ्या!”

एवढं कौतुक झाल्यावर अंकुशला थांबवतं कोण!

“मागच्या हंगामात तर अख्खा ढीग नासला होता. माझा दोस्त, सुखदेव कासदेकर. त्यानं यंत्राच्या ड्रमची फट इतकी बारीक ठेवली, का सालीसंगं बियाही चेंदल्या. मळेवाल्यांनी भरवशानं देलेली फळं, सारा लगदा! मी त्याले चारचौघांत लय बोललो.”

“मंग? लगदा फेकला?”

“छ्या! टाकीत भरून झाकून ठेवला. त्याचा गॅस निघाला, बाबा! आज बिया वाळवायचं माझं कपाट गॅसवर चालते, ते त्याच्यातूनच सुचलं. उद्या लोक यंत्रासंगं ते भी पाहाले येऊन रायले.”

“म्हणजे नासलेलं भी कामी आलं.”

“आलं ना!”

“आन् नासवणारा?”

किटलीचं झाकण थडथडायला लागलं.

“त्याले... त्याले मी काढून टाकलं,” अंकुश हळू आवाजात म्हणाला. “परतवाड्याले एका गॅरेजात हाये आता. एक फोन नाई केला त्यानं.”

“तू केला?”

खरं तर सुखदेवची आठवण आली नाही असा अंकुशचा एक दिवस जात नव्हता. यंत्रातून जरा वेगळा आवाज आला की हा मागे वळून त्याला हाक मारायचा, आणि मग आपल्यावरच चिडायचा. पण आपलं बरोबर होतं, एवढं काही त्याला सोडवत नव्हतं.

“चूक त्याचीच होती, बाबा.”

“होती ना,” बाबा म्हणाले. अगदी सहज.

त्यांनी दोन कप भरले. लालसर, गोड वासाचा चहा. एक अंकुशपुढे सरकवला. दुसऱ्यावर बशी उपडी घातली.

“उद्या नारळ फोडाले येता ना, बाबा?”

“हे दोन कप रिकामे झाले का येतो.”

अंकुशने जीभ पोळत आपला कप संपवला. “हा झाला! घ्या, तुमचाही संपवा.”

“हा माझा नाई. सुखदेवचा हाये.”

“तो तर खाली परतवाड्याले! गार होईन न चहा.”

बाबांनी बशी नीट बसवली आणि खुदकन हसले.

“ते मले काय सांगतं? गाडी तुझ्यापाशी हाये.”