दयाळाच्या नावाची घरटी

फार पूर्वी एका माळावर दयाळ पक्ष्याचं गाणं ऐकायला सगळी पाखरं जमत. एकदा त्याच्या मनात आलं, आपल्या नावाने घरटी विकावीत. त्याने विणायला सुगरण पक्षी ठेवले. दाण्यांच्या बदल्यात घरटी भराभर खपू लागली. तेव्हा तो सुगरणींना म्हणाला, "वीण थोडी सैल चालेल, पण लवकर द्या. पाखरं माझं नाव बघून घेतात."

एका दुपारी वावटळ आली. मुनिया पाखराने दयाळाकडून घेतलेलं घरटं उसवलं आणि तिची पिल्लं खाली पडून मेली.

दयाळ भेटायला गेला. मुनिया म्हणाली, "तुझा आवाज ओळखीचा होता, म्हणून मी घरटं चाचपून पाहिलंच नाही."

दयाळ पुढेही रोज गात राहिला. पण त्याचा सूर कानी पडला, की माळावरच्या आया पिल्लांवर पंख पसरून बसत.