पेटीची किल्ली

आमच्या देवाच्या पालखीतले चांदीचे मुखवटे वर्षभर कुलूपबंद पेटीत असतात. देवळातल्या गावबैठकीत भिकू मेस्त्री एका बांधाच्या तंट्यात साक्षीला उभा राहिला, तसे आबा खोत गरजले, "हा देव मानत नाही. याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?"

आम्ही बारा मानकरी गप्प बसलो. बोलायला हवं होतं.

भिकूने कमरेची किल्ली काढून आबांसमोर ठेवली. "देव मानणारे बारा जण असताना पेटीची किल्ली वीस वर्षं माझ्याकडे का ठेवलीत, आबा?"

किल्ली तिथेच राहिली. भिकू गेला, तो परत देवळाकडे फिरकला नाही.

किल्ली कोणाकडे द्यायची, यावर आम्हा बारा जणांचं अजून जमलेलं नाही, आणि तोवर पेटीला कोणी हात लावायचा नाही असं ठरलंय. यंदाही शिमग्याला आम्ही पालखी रिकामीच नाचवली.