गुहेच्या वळणावरची काडेपेटी

वेदीच्या कठड्याआत मुलीने पाऊल टाकायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

“पण ठरवलं कुणी?” जसिंताने विचारलं.

सिस्टर एमेरेन्सिया चर्चच्या पायरीवर बसून एक पितळी वाटी चिंचेने घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“सिस्टर, मी तुम्हाला विचारतेय.”

“ऐकलं.”

“मग?”

“पिशवीत वात आहे. ती दे.”

जसिंताने वात दिली. वात देणं हे काही उत्तर नव्हतं, पण सिस्टरांकडून उत्तर मिळवायचं तर आधी त्यांचं काम करावं लागे, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

जसिंता तुस्कानो दहावीत होती. शाळा वसईकडच्या एका गावात, समुद्राला लागून. एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला मैदान आणि मध्ये, जिथे रस्ता वळतो तिथे, मारियामातेची दगडी गुहा. क्रीडादिनाला चर्चमधल्या अखंड दिव्यावरून मशाल पेटवायची आणि त्या वर्षी लांब शर्यत जिंकणाऱ्याने ती धावत मैदानात न्यायची, अशी जुनी रीत. नावाला मशाल. खरं तर दांड्यावर बसवलेली तेलाची वाटी.

यंदा मुलामुलींची शर्यत एकत्रच झाली. खेळ सिस्टरच शिकवत. त्या म्हणाल्या होत्या, उन्हात दोनदा उभं राहणं माझ्या गुडघ्यांना आता जमत नाही. कुणी हरकत घेतली नाही. गुडघ्यांवर कोण हरकत घेणार.

जसिंता पहिली आली. तिच्या बऱ्याच मागून ऑस्विन आला, आला तसा गवतावर आडवा झाला आणि म्हणाला, हिच्या पायात काय बसवलंय ते एकदा तपासा.

उद्याच्या क्रीडादिनाची मशाल मात्र ऑस्विनला मिळाली. कारण दिवा कठड्याच्या आत होता.

“माझी आई दर शनिवारी आत जाते,” जसिंता म्हणाली. “फरशी पुसते. फुलं ठेवते. तुम्हीही जाता. फडकं हातात असलं की चालतं आणि मशाल असली की चालत नाही?”

“आईला विचारलंस?”

“विचारलं. ती म्हणाली, ते वेगळं. वेगळं कसं, म्हटलं, तर कुकर लावायला उठली.”

सिस्टरांच्या तोंडावर हसू आलं असावं. वाटीवर वाकल्या होत्या, म्हणून दिसलं नाही.

त्यांनी वाटी दांड्यावर बसवली, तेल ओतलं, वात सारखी केली. पायरीवर कुणीतरी लावून गेलेल्या मेणबत्तीवर ती पेटवली आणि दांडा जसिंताच्या हातात दिला.

“मैदानापर्यंत धाव.”

“कशाला? न्यायची तर ऑस्विनला आहे.”

“धाव, बाय.”

जसिंता धावली. गुहेच्या वळणावर समुद्राचा वारा अंगावर आला आणि ज्योत गेली.

ती परत आली. सिस्टरांनी वात पुन्हा पेटवली.

या वेळी ती हळू धावली. वळणावर ज्योत गेली.

मग तिने एक हात वाटीसमोर धरला. तळहात भाजला आणि ज्योत गेलीच. गुहेच्या कट्ट्यावर ऑस्विन पेरू खात बसला होता. तो म्हणाला, “तोंडात धरून बघ.”

जसिंता परत आली तेव्हा तिचा चेहरा तापला होता.

“हे होणारच नाही. चालत नेली तरी तिथे विझेल.”

“चालत न्यायची नाही. धावतच न्यायची. तोही नियम.”

“मग ती मैदानात पोचते कशी? गेल्या वर्षी ग्लेनने आणली तेव्हा पेटलेली होती. मी पहिल्या रांगेत होते. मी पाहिलीय.”

“तू मैदानात पाहिलीस.”

“हो.”

“आणि गुहेमागे?”

जसिंताने वळणाकडे पाहिलं. चर्चसमोर उभ्या माणसांना गुहेची पाठ दिसत नाही. मैदानातल्या माणसांनाही नाही. मशाल घेतलेला मुलगा तिथे क्षणभर कुणालाच दिसत नाही. मग बँड मोठ्याने वाजतो आणि तो पलीकडून निघतो...

सिस्टरांनी झग्याच्या खिशात हात घातला. जसिंताचा भाजलेला तळहात उघडला आणि त्यावर एक काडेपेटी ठेवली. दमट होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

जसिंताने पेटी हलवून पाहिली. आत काड्या खुळखुळल्या.

“म्हणजे दर वर्षी...”

“वारा दर वर्षी असतो.”

“आणि काडेपेटी तुम्ही देता.”

“मी पुढे करते. ते घेतात.”

“नको, असं कुणीच म्हटलं नाही?”

सिस्टर गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

“फादरनी तुला ऑफिसात बोलावलंय. हाताला पाणी लाव आणि ये.”

ऑफिसात मुख्याध्यापक फादर हिलरी होते आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत इनासकाका. इनासकाका चर्चच्या समितीतले सर्वांत जुने. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर एक फोटो होता. चड्डीतला एक हडकुळा मुलगा मैदानात धावतोय, हातात मशाल, मशालीवर ज्योत. तो मुलगा म्हणजे इनासकाकाच. शाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते हे सांगत.

सिस्टर दाराशी उभ्या राहिल्या. बस म्हणून जसिंताला कुणी म्हटलं नाही.

फादरनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी खूप विचार केला होता. काळ बदलतोय हे त्यांना मान्य होतं. शर्यत तिने जिंकली हेही मान्य होतं. म्हणून त्यांनी मार्ग काढला होता. ऑस्विन आत जाऊन मशाल पेटवेल, बाहेर आणेल आणि पायरीवर जसिंताच्या हातात देईल. तिथून पुढे जसिंता धावेल. फोटोही तिचाच निघेल.

“आमच्या वेळी एवढंही कुणी कबूल केलं नसतं,” इनासकाका म्हणाले. “फादरचे आभार मान.”

जसिंताने आभार मानले नाहीत.

“वळणावर विझली तर?” तिने विचारलं.

“विझत नाही,” इनासकाका म्हणाले. “अखंड दिव्यावरची ज्योत आहे ती, बाय. साधी नाही.”

जसिंताने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

“तुमची विझली नव्हती, काका?”

इनासकाकांनी चष्मा काढला. खिशातून रुमाल काढला. काच पुसली. दुसरी काच पुसली. मग पहिली पुन्हा पुसायला घेतली...

“जसिंता,” फादर म्हणाले, “काही गोष्टी विचारायच्या नसतात.”

“माहीत आहे, फादर. मला लहानपणापासून तेवढंच सांगितलंय.”

तिने मूठ उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतली काडेपेटी टेबलावर ठेवली, फादरच्या पेनाशेजारी.

ती काय आहे, असं कुणी विचारलं नाही.

“ही मला नको,” ती म्हणाली. “पायरीवर कुणीतरी हातात दिलेली मशालही नको. शर्यत मी जिंकलेय, तर आत जाऊन मीच पेटवणार. वळणावर विझली तर तिथून परत येणार. सगळे बघत असतील, बँड वाजत असेल, तरी परत येणार आणि पुन्हा आत जाऊन पेटवणार. जितक्या वेळा विझेल तितक्या वेळा. क्रीडादिन त्यातच संपला तर संपू दे.”

फादरनी काही बोलायला तोंड उघडलं.

“आणि हे चालणार नसेल तर मशाल ऑस्विनलाच द्या. मी भांडणार नाही. फक्त काडेपेटीही त्याला माइकवर नाव पुकारून द्या, सगळ्यांसमोर.”



मैदानात कुणीतरी शिट्टी वाजवली. इनासकाकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, फोटोकडे न बघता खुर्ची थोडी वळवली आणि आपल्या चपलांकडे पाहत बसले. फादर काडेपेटीकडे पाहत होते. पेन उचलायचं तर काडेपेटीला हात लागला असता, म्हणून त्यांनी पेनही उचललं नाही.

जसिंता हलली नाही. भाजलेला हात तिने पाठीमागे धरला होता.

शेवटी फादर दाराकडे वळले. आवाज बराच खाली आला होता.

“सिस्टर, हिला धावायला तुम्ही शिकवलंत. आता तुम्हीच काय ते सांगा.”

सिस्टर पुढे आल्या. काडेपेटी त्यांनी परत खिशात टाकली नाही. होती तिथेच राहू दिली.

“त्या कठड्याचं फाटक फार कुरकुरतं, फादर...” त्या म्हणाल्या. “सकाळी बिजागरीला तेल घालून ठेवते.”