प्रचंडरावांचा तिसरा टर्बो

चिंचगडच्या प्रचंडराव महाराजांच्या डिझेल गाडीचा टर्बो पुन्हा मेला! वर्षातला हा तिसरा. तोही कुठे, तर भर घाटात, बाजाराच्या दिवशी. गाडीने आधी शिट्टी मारली, मग निळा धूर सोडला आणि अशी ढेपाळली, की शेवटी बैल जुंपून तिला राजवाड्यापर्यंत ओढत आणावं लागलं. मागच्या सीटवर महाराज मिशीला पीळ देत बसले होते आणि बाजारातली पोरं मुजरे करत होती ते बैलांना!

महाराजांचा पारा चढला. त्यांनी ड्रायव्हर रावजीला समोर उभं केलं.

"आमचे टर्बो कोण मारतो?"

"सरकार, त्याचं असं हाय..."

"उद्या आमचं जेवण होईपर्यंत गुन्हेगार हजर कर! आमच्या देखत त्याला शिक्षा झाली पाहिजे. पुढचा टर्बो टिकला पाहिजे. आणि आमच्या घराण्याची एकही रीत मोडता कामा नये! नाहीतर बैलांच्या जागी तुला जुंपू. जन्मभर!"

रावजी घरी आला तो रडकुंडीला येऊन. त्याची बायको हौसा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात भाकऱ्या थापायची. तिच्यासमोर त्याने बसकण मारली.

"हौसे, माझ्या मापाचं जू बघून ठेव."

"अवो, पण टर्बो मरतोय कशानं?"

"हसन मिस्त्रीनं उघडून दावलं की! घाट चढून येईस्तवर टर्बो लालबुंद हुतो, इंजिनात हवा कोंबायला भिंगरीवानी फिरतो. तेलावर जगतो बिचारा. इंजिन बंद केलं की तेल बंद, पर ह्यो तापलेला गडी फिरतोच! आत अडकलेलं तेल जळून कोळसा हुतं, नळी तुंबती. मग नवा टर्बो बसवला तरी त्यो तहानेनं मरतो. घाट चढून आल्यावर दोन-तीन मिंटं इंजिन नुसतं चालू ठेवलं, तर काय बी हुणार न्हाई."

"मग ठेवा की!"

"कसं ठेवू? चाक थांबलं की इंजिनाचा आवाज बंद! तवाच भालदार ललकारी देतो. महाराजांच्या आज्यापासनं रीत हाय. आता गुन्हेगार म्हणून महाराजांचंच नाव सांगू?"

आजोबांच्या वेळी बग्गीला घोडे होते आणि घोड्यांना टर्बो नसतो, एवढं बोलायची चिंचगडात कुणाची छाती नव्हती. मागच्या खेपेला महाराजांनी कारण विचारलं तेव्हा खुद्द हसन मिस्त्रीला एकाएकी मेहुण्याचं लग्न आठवलं आणि तो मिळेल त्या गाडीने पसार झाला. नशीब, तो आज परतला होता.

हौसा पदर तोंडाला लावून हसत सुटली. रावजीला तिचा असा राग आला! नवरा बैल व्हायला निघालाय आणि ही खिदळतेय!

"मिस्त्रीला म्हणावं, टर्बोसंगं नळी, फिल्टर, तेल, समदं नवं घाल," ती म्हणाली. "गुन्हेगाराला मी आणते."

दुसऱ्या दिवशी महाराज पाटावर बसले. हौसाने गरम भाकरी वाढली आणि शेजारी लवंगी मिरचीचा ठेचा. भिंतीवरच्या तसबिरीतल्या पूर्वजांना शिंका याव्यात असा! महाराज मिटक्या मारत जेवले, मधूनमधून पाण्याचा घोट घेत राहिले. शेवटचा घास घशाखाली उतरला आणि हौसाने झटकन पाण्याचा तांब्या उचलला!

"पाणी!" महाराज ओरडले.

"जेवण थांबलं, पाणी बंद! रीत हाय, सरकार."

"अगं, जेवण थांबलं, आग कुठे थांबलीय? हाऽ हूऽ! कुठल्या मूर्खाची ही रीत?"

दाराशी उभ्या असलेल्या रावजीने डोळे घट्ट मिटून घेतले.

"सरकार, घाट चढून आल्यावर टर्बो बी असाच भाजत असतो. चाक थांबलं, की त्याचा तांब्या कोण उचलतं?"

हौसाने अदबीने तांब्या पुढे केला. त्यांनी तो एका दमात रिकामा केला.

"म्हणजे, आम्ही..." आवाज जरा खाली आला. पण राजाच तो! लगेच ताठ झाला. "ते काही नाही! ललकारीच्या वेळी आवाज चालणार नाही. रीत ती रीत!"

"मोडा म्हणतंय कोण? पर सरकार, घाटातनं येता, हज्जार नजरा लागत्यात. तुमच्यावरनं भाकरतुकडा ओवाळल्याबिगार उतरता, हे बरं दिसतं का? आधी तुमच्यावरनं ओवाळीन, मग गाडीवरनं. तिचं रूप काय कमी हाय?"

"आणि इंजिन?"

"चालू! झोपलेल्याची दृष्ट कुणी काढतं व्हय? ओवाळून झालं की आमचे धनी इंजिन बंद करतील, मग चिडीचूप, मग ललकारी. सकाळी निघताना बी तसंच. गाडी चालू करायची, मी तुमच्या हातावर दही ठेवणार. तुमचं दही संपतंय तवर तेल तिच्या अंगात फिरतं. मग हवी तशी दामटा!"

महाराजांना दही फार प्रिय. रोज आपली दृष्ट काढली जाणार, हे तर त्याहून प्रिय! मिशा आपोआप वर चढल्या. तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं.

"थांब! गुन्हेगाराला आमच्या देखत शिक्षा व्हायची होती. तिचं काय?"

रावजीने मिटलेले डोळे आणखी घट्ट आवळले. हौसा मात्र पदर सावरत म्हणाली, "ती तर केव्हाच झाली, सरकार! अजून नाक गळतंय त्याचं!"

महाराजांनी हळूच नाकाला बोट लावलं. खरंच गळत होतं! आणि मग महाराज असे हसत सुटले, की पाटावरून कलंडले, ठसका लागला, तरी हसतच राहिले. कसेबसे उठून त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि हौसाच्या ओंजळीत टाकला. रावजी अजून डोळे मिटूनच उभा होता. हौसाने त्याला कोपराने ढोसलं आणि मुजरा करायला लावला.