बकुळीची परडी

डोंगरावरच्या त्या शाळेत धुकं थेट वर्गात शिरायचं आणि बकुळीचा वास घेऊन परतायचं. कुणाचं चांगलं वागणं दिसलं, की पाहणाऱ्यानं दारातल्या परडीत बकुळीचं फूल टाकायचं, अशी तिथली रीत होती.

तपासणीला आलेल्या रणदिवेसाहेबांनी दारात बूट भिरकावले आणि परडी अंगणात उपडी केली.

"फुलांच्या लालचेनं वागतात ही मुलं. आजपासून परडी बंद, छडी सुरू."

मुख्याध्यापिका कुमुदबाईंनी रिकामी परडी उचलून दाराशी ठेवली.

तपासणी आटोपून साहेब दारात आले, तर बूट पुसून, जोडीनं मांडून ठेवलेले.

"कुणी ठेवले हे?"

"माहीत नाही, साहेब. परडी तर तुम्ही बंद केलीत, तरी कुणीतरी ठेवले. पाहणारे मात्र तुम्ही," कुमुदबाई म्हणाल्या.

साहेबांनी अंगणात विखुरलेल्या फुलांकडे पाहिलं. मग वाकले, आणि बुटांआधी त्यांनी अंगणातलं एक फूल उचललं.